हाडकुळी जमीन

टाळ्या वाजल्या आणि डाबे माइकपासून एक पाऊल मागे सरला.

मांडवातले सरकारी पाहुणे टाळ्या वाजवत होते, त्याचं काही नव्हतं. त्यांना त्याचाच पगार मिळतो. पण मांडवाबाहेर वाळूत बसलेली त्याची स्वतःची माणसं, गोबाबिस शहराच्या कडेच्या पत्र्याच्या वस्तीतून ट्रक भरून आलेली, तीही वाजवत होती. सगळ्यांत पुढे बसलेली त्याची चुकोआत्या तर हात उंच धरून वाजवत होती, पाद्री बघत असताना वाजवावं तशी.

डाबे नुकताच माइकवर म्हणाला होता, "ही आपली जमीन मी तुम्हाला परत आणून दिली आहे." हे वाक्य वकिलाने सुचवलं होतं. वकील भला माणूस. त्याच्या समाजात काही मिळवलं की तसं सांगायची पद्धत आहे.

डाबेच्या समाजात ती नाही. तिथे शिकारी मोठं हरीण पाडून आला, तर मुकाट्याने शेकोटीपाशी बसतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, मला कुठलं जमतंय, बारकंसं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी सगळे मांस आणायला जातात आणि वाटभर त्याचा उद्धार करतात. या हाडांच्या गाठोड्यासाठी आम्हाला उन्हात हिंडवलंस? जनावर जितकं मोठं, तितक्या शिव्या जास्त. यामागे शहाणपण आहे. मांस वाटणाऱ्याच्या डोक्यात एकदा हवा गेली, की तो उद्या माणसांनाही हुकूम वाटायला लागतो. म्हणून कौतुक करायचं ते परक्याचं. पोलिसाचं, पाद्र्याचं, मालकाचं. इथल्या गोऱ्या मालकाने, म्हाताऱ्या क्रूखरने, या सगळ्यांना ट्रकमध्ये भरून इथून हाकललं, आणि पुढे त्याच्याच घरी धुणी धुताना चुकोआत्या त्याला जन्मभर म्हणत आली, "मालक, तुमची गुरं किती गुबगुबीत!"

त्या ट्रकमध्ये डाबे आत्याच्या पाठीवर बांधलेला होता. पुढे मोठा होऊन तो याच जमिनीवर कुंपणाच्या कामाला लागला. आपल्याच माणसांना बाहेर ठेवणारी तार तो ताणून ताठ करी, आणि काम चोख करी. मग मिशनच्या शाळेत रात्रीचं इंग्रजी शिकला, मग वकील भेटला, मग राजधानीतल्या कचेऱ्यांचे बाक झिजवता झिजवता केस पिकले. क्रूखर मेला, त्याच्या मुलांनी जमीन सरकारला विकली, आणि आज ती परत आली होती. सोबत डाबेला टाय आला होता, आणि भूमी खात्याच्या मॅडमच्या गाडीत पुढची जागा.

मॅडम निघताना त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती सभ्य आहेत हो तुमची माणसं. बाकी ठिकाणी नुसत्या तक्रारी ऐकायला मिळतात."

"हो ना, मॅडम," डाबे म्हणाला. "मलाही तीच काळजी लागलीये."

मॅडम हसल्या. गाड्या गेल्या.

त्याची माणसं मोठ्या बाभळीखाली चहा उकळत बसली होती. तो जवळ येताच सगळे उठून उभे राहिले. त्याच्या बहिणीचा नवरा गाओ, ज्याने आजवर त्याला 'कुंपणाचा खांब' सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती, त्याने मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून पुढे ठेवली.

"या साहेब. बसा."

"दाजी, काय हे?"

"काही नाही साहेब. ऊन आहे."

"साहेबांना चहा द्या," आत्या कुणाकडेही न बघता म्हणाली. "साखर बरीच घाला. मोठ्या माणसांना गोड लागतं."

डाबेला वाटलं, जमीन मिळाली आणि आपण एकटेच तिच्या बाहेर राहिलो. यासाठी कचेरीत अर्ज करता येत नाही.

त्याने खुर्ची बाजूला सारली. थोड्या अंतरावर जाऊन वाळूत बसला आणि गुडघ्यांना मिठी मारून गप्प राहिला. चहा उतू गेला, तरी कुणी बोललं नाही. बाभळीच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. तो मान खाली घालून वाळूकडे बघत राहिला.

गाओला गप्प बसणं कधीच जमलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तो आभाळाकडे बघत म्हणाला, "काय रे, दिसलं का काही?"

हे विचारायचं असतं.

"कुठलं काय, दाजी. मला कुठे जमतंय. बारकंसं काहीतरी दिसलं. लंगडं असावं. तुम्ही उगाच एवढ्या लांब आलात."

आत्याने हातातला मग खाली ठेवला. मूठभर वाळू उचलली, बोटांतून गळू दिली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"ही?" ती म्हणाली. "मेल्या, ह्याच्यासाठी माझी हाडं ट्रकमध्ये खिळखिळी केलीस?"

डाबे हलला नाही.

"अरे ही जमीन आहे का माझं पोट? नुसत्या सुरकुत्या. वर गवत नाही, खाली कंद नाही. क्रूखरच्या गुरांनी चाटूनपुसून ठेवलेलं ताट उचलून आणलंय येड्यानं."

"आणि केवढीशी!" गाओने खुर्ची ओढून स्वतःच बसकण मारली. "मी आडवा झालो तर पाय शेजारच्या शेतात जातील. खांबा, वकिलाने मांस खाल्लं आणि तुला हाडं दिली."

"तरी मी म्हणत होते, टाय बांधल्यापासून त्याच्या डोक्याला रक्त जात नाही," आत्या म्हणाली.

मग कुणालाच आवरेना. बायका म्हणाल्या, इथली वाळूसुद्धा वस्तीतल्या वाळूपेक्षा पातळ आहे. एक म्हातारा म्हणाला, असल्या जमिनीत मेलो तर पुरायलाही लाज वाटेल. डाबे मान डोलावत होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि हसूही फुटत होतं.

"नाहीच आवडली, तर सोडून देऊ," तो रीतीप्रमाणे म्हणाला. "काहीतरी बारकं खाऊन झोपू."

"आता आणलीच आहेस, तर काय करणार," आत्या म्हणाली.

तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर आला. बराच वेळ तो ऐकत असावा, कारण तो मनापासून हळहळला. "एवढी वाईट आहे तर चला ना लवकर. उजेडात पोचू."

कुणी उठलं नाही.

"तू हो पुढे," गाओ म्हणाला. "असली भिकार जमीन बेवारस टाकून येता येत नाही बाबा."

ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली. मग सगळ्यांची बोचकी उतरवून दिली आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

डाबेने टाय सोडून खिशात कोंबला. आत्या उठून बाभळीभोवती हिंडत होती. खोडाला पाठ लावून उभी राही, चार पावलं चाले, थांबे, मान हलवून परत खोडापाशी जाई. शेवटी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ."

"आता काय केलं मी?"

"ऊठ म्हणते ना. माझ्या आईच्या चुलीवर बसलायस."

डाबे उठला. खाली वाळूच होती, सगळीकडे असते तशी. आत्याने ती तळहाताने जराशी सारखी केली, आणि चुलीपुरती जागा सोडून बाजूला बसली.