ओढणीचा पट्टा

या, पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या, आणि ते मोबाइल जरा पालथे घालून ठेवा. आजचं आख्यान एका इंजिनाचं आहे. इंजिनात कसला आलाय देव, असं ज्याला वाटतं त्याने अगदी माझ्या समोर बसावं.

तर जगन्नाथ पाटणकरांनी बॉनेट उघडलं, आणि त्यांचा हात वरच्या वर राहिला.

आत त्यांचं इंजिन नव्हतं. एकोणीसशे एकोणसत्तरच्या त्या लांब नाकाच्या मस्टँग गाडीच्या पोटात, काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, भलतंच काहीतरी निमूट बसलं होतं. वायरींचे जुडगे, कॉम्प्युटरचा चपटा डबा, नव्या रबराचा वास. कार्बोरेटर गायब. पाटणकरांनी स्वतःच्या हाताने निळी रंगवलेली झाकणं गायब.

महिनाभर ते एकटेच पुण्याला भावाकडे होते. आजच सकाळी दुबईला उतरले, बॅगा अजून इशिताच्या गाडीत पडून होत्या. घरी जाऊन अंघोळ करायचीही त्यांना घाई नव्हती. आधी माझी गाडी दाखव, म्हणून विमानतळावरून त्यांनी लेकीला थेट अल कुसैसच्या गॅरेजात आणायला लावलं होतं. त्यांना घ्यायला आलेली बायको, संध्या, मागच्या सीटवर बसून आली होती.

"खैरुद्दीन!"

खैरुद्दीन हात पुसत पुढे आला. रत्नागिरीचा माणूस. पाटणकरांची गाडी त्याच्याशिवाय आजवर कुणी उघडली नव्हती.

"हे काय आहे?"

"इंजिन आहे, जगनशेठ."

"ते मलाही दिसतंय. कुणाचं?"

"आता तुमचंच. नवीन आहे, कॉम्प्युटरवालं. सकाळी एकदा चावी फिरवली की खलास, दुसऱ्यांदा फिरवायला नको."

"मी तुला ऑइल बदलायला सांगितलं होतं! माणूस दाढीला बसला आणि तू मुंडकंच बदलून ठेवलंस?"

खैरुद्दीनची नजर क्षणभर संध्याकडे गेली.

"तिच्याकडे काय बघतोस? माझ्याशी बोल."

"मी सांगितलं त्यांना," संध्या म्हणाली.

पाटणकर हसले. राग अनावर झाला की ते आधी हसायचे.

"तू? तुला स्टेपनी कुठे असते ते माहीत नाही, आणि तू इंजिन बदललंस? पैसे कुठून आणलेस?"

"माझ्या डब्यांचे."

अल नहदातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना संध्या कितीतरी वर्षं जेवणाचे डबे देत होती. त्या पैशांचं काय होतं, हे पाटणकरांनी कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. त्यांनी जॅकची दांडी उचलली आणि फरशीवर अशी आपटली की शेजारच्या गॅरेजातला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

"बाबा, प्लीज! कॅल्म डाउन," इशिता म्हणाली.

"तू गप्प बस. तुलाही माहीत होतं ना? सगळे मिळून महिनाभर मला फोनवर 'गाडी छान आहे, गाडी छान आहे' करत होतात."

कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी होतं. पाटणकरांनी ताडपत्री खेचली. त्यांचं जुनं इंजिन तिथे होतं, तेलकट, थंड, तोंडात बोळे कोंबलेलं. मयताच्या नाकात कापूस घालतात तसं. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"आजच्या आज हे परत बसव. यल्ला, लाग कामाला."

"आठवडा जाईल, शेठ."

"जाऊ दे. मी इथेच पथारी टाकतो. पण ते प्लॅस्टिकचं खेळणं माझ्या गाडीत नको." मग ते बायकोकडे वळले. "कारण तरी कळू दे. मी मेल्यावर करायचं होतंस."

संध्याने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"माझी आई शहाऐंशीची झाली," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही रिटायर झालात. दुसरी गाडी विकलीत. आता एवढी एकच ठेवणार म्हणालात. गावाहून फोन आला तर मला निघावं लागेल. ही गाडी मला पोचवेल याची खात्री नव्हती."

"खात्री?" पाटणकरांचा आवाज चढला. "या इंजिनाची खात्री? आजवर एकदा तरी या इंजिनाने मला रस्त्यात सोडलंय? सांग ना, खैरू, तू सांग. एकदा तरी?"

खैरुद्दीन हातातल्या फडक्याची घडी करू लागला.

वातावरण हलकं करावं म्हणून इशिता हसली. "वन्स, बाबा. द ओढणी स्टोरी!"

आणि काय सांगू, इतक्या रागातही माणसाचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्यांची होती. दिवाळीच्या फराळाला, गणपतीच्या आरतीनंतर, नव्या पाहुण्यासमोर ती व्हायचीच व्हायची.

"तेच तर म्हणतोय! फॅनबेल्ट तुटला तरी ती थांबली नाही. ऑगस्टचा महिना, डांबर वितळतंय, रेडिएटरमधून वाफ. दुसरा असता तर गाडी टाकून पळाला असता. मी हिची ओढणी काढून घेतली, पीळ दिला, पुलीला बांधली, आणि दहाच्या स्पीडने थेट याच्या दारात! याला विचार. हा म्हणाला, जगनशेठ, इंजिनिअर तुम्ही व्हायला हवं होतं."

"अँड आय गॉट आइस्क्रीम," इशिता म्हणाली.

"हां, खैरूच्या बायकोने, अन्वरीभाभीने दिलं होतं. पहिलीत होतीस." पाटणकरांनी इंजिनावर थाप मारली. "तेव्हा अजमानला राहायचो, तिथून निघालो होतो आपण. दुबईला. कुठेतरी, काहीतरी खरेदीला..."

"एअरपोर्टला," संध्या म्हणाली.

गॅरेजच्या पत्र्यावरून एक विमान गेलं. खूप खालून.

"माझे बाबा दवाखान्यात होते. माझं दुपारचं विमान होतं."

पाटणकरांचा हात इंजिनावरून खाली आला. सासऱ्यांचं जाणं त्यांना आठवत होतं. ती ओढणीही आठवत होती. पण सांगून सांगून गोष्टीची एक कड अशी झिजली होती की हे दोन्ही एकाच दिवशीचं, हे त्यांच्या हाताला लागत नव्हतं.

"मी म्हणाले, टॅक्सी करते. तुम्ही म्हणालात, पाच मिनिटं थांब, होतंय. मी पुन्हा म्हणाले. तुम्ही म्हणालात, गाडी अशी रस्त्यात टाकून कसा येऊ."

"मग तू जायचंस! मी काय तुला धरून ठेवलं होतं? हात केला असतास, दहा टॅक्सी थांबल्या असत्या!"

"ओढणी तुमच्या इंजिनात होती," संध्या म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. डब्यात किती पोळ्या घातल्या हे सांगावं, तसं ती सांगत होती.

"घामाने ड्रेस अंगाला चिकटला होता. ट्रकवाले हळू होऊन बघत जात होते. मी गाडीच्या मागे बसून राहिले, इशूला पुढ्यात धरून. इथे आल्यावर अन्वरीभाभींनी मला त्यांची ओढणी दिली. तेव्हा माझं विमान डोक्यावरून गेलं."

खैरुद्दीनने मान हलवली. "मी घड्याळ बघत होतो, वहिनी."

"बाबा विचारत होते, विमान उतरलं का. परत परत. शेवटी दादाने सांगितलं, उतरलं, वाटेत आहे ती. जन्मभर कीर्तनात उभं राहून लोकांना खरं बोला सांगितलं त्यांनी. जाताना त्यांना खोटं ऐकावं लागलं."

"आई, आय डिड्न्ट नो," इशिता पुटपुटली.

"तुला कसं कळणार. तुला ती गोष्ट हसतहसतच ऐकवली."

आता पाटणकरांना ओरडायचंच होतं. कुणावर, ते सापडत नव्हतं. "मग इतकी वर्षं तोंडात काय धरून बसली होतीस? एकदा तरी बोलायचंस!"

"कधी? तुम्ही ती गोष्ट सांगायचात, माणसं टाळ्या द्यायची, आणि मी आत चहा गाळत असायची. गाळणं आपटलं होतं एकदा. तुम्ही बाहेरून विचारलंत, काय पडलं गं."

शेजारचा रेडिओ पुन्हा मोठा झाला.

खैरुद्दीनने इंजिन उचलायच्या साखळीला हात लावला. "काय करू, जगनशेठ? जुनं चढवू परत?"

संध्याने खैरुद्दीनच्या हातातून चावी घेतली आणि नवऱ्यापुढे धरली.

"इथून एअरपोर्ट किती लांब आहे?"

"पंधरा मिनिटं."

"चला."

"आत्ताच तर आलो तिथून. कशाला?"

"बघायचंय, पोचते का."

इशिता मागे राहिली. गाडी एका चावीत सुरू झाली. पाटणकरांना वाटलं, झालीच नाही, इतका आवाज कमी. सिग्नलला सवयीने त्यांची नजर तापमानाच्या काट्यावर जात होती. काटा जागचा हलत नव्हता. संध्या खिडकीतून बाहेर बघत होती.

डिपार्चरच्या चढणीवर त्यांनी गाडी कडेला घेतली. संध्या उतरली. हातात बॅग नाही, तिकीट नाही. दोरीने करकचून बांधलेली खोकी ढकलत माणसं आत चालली होती. त्यांच्यातून वाट काढत ती काचेच्या दारापर्यंत गेली. दार उघडलं, मिटलं, उघडलं. ती आत गेली नाही. दुसऱ्या कुणाला वाट द्यायचंही तिला सुचलं नाही.

"यल्ला, यल्ला! हबीबी, मूव्ह!" रखवालदाराने शिट्टी मारली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. पाटणकरांनी हात वर करून माफी मागितली, गिअर टाकला, गाडी हातभर पुढे नेली. मग इंजिन बंद केलं. दार तसंच उघडं टाकून ते रस्ता ओलांडून गेले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. शिट्टी वाजतच होती.

"गाडी उचलून नेतील," संध्या मागे न बघता म्हणाली.

"नेऊ दे."

तेव्हा कुठे तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि इतक्या वर्षांत तिने त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"आता सोडलीत गाडी?"

माझं आख्यान इथवरच. उठाल, चपला शोधाल, आपापल्या घरी पोचाल. पोचालच, देवाची कृपा. पोचल्यावर दिव्यापाशी घटकाभर थांबा आणि संध्याच्या वडिलांची आठवण करा. भिकाजीबुवा त्यांचं नाव. खाटेवर पडून दाराकडे बघत होते, आणि लेक वाटेत आहे म्हटल्यावर त्यांनी उशी थोडी उंच करून मागितली होती.