धूपाची पाळी

आदल्या दिवशी बाबा अंगणात बसून नखांतलं रक्त काडीने उकरत होते. तीस वर्षं मंदिरात बैल-मेंढे कापून ते नखांत मुरलंच होतं. धूप जाळायचा मान याजकाला आयुष्यात एकदाच मिळतो, तोही सगळ्यांनी पुढे केलेली बोटं मोजताना पाळी आली तर. बाबांच्या बोटावर मोजणी कधी थांबली नव्हती.

"एल्याशीब, उद्या आपल्या घराण्याचा दिवस," हारीमकाका त्यांना म्हणाले. "उद्याही हुकलास तर आतडी धूतच म्हातारा होशील."

"झालोच आहे की," म्हणत बाबांनी माझ्या नेरीच्या पोटावर दाढी घासली. तो सहा महिन्यांचा. अंगात ताप होता, तरी हसला.

नवरा गेल्यावर मी माहेरी आले होते. पण नेरी परक्या घराण्याचं मूल, म्हणून याजकांच्या पवित्र वाट्यातली भाकर मला चालत नसे. बाबा माझ्यासाठी बाजारातून वेगळी आणत. "तुझ्यापायी मला रोजचा फेरा," असं नेरीला म्हणत.

पहाटे नेरी गार पडला होता. छपराखाली प्रेत असलं की आतले सगळे सात दिवस अशुद्ध. बाबा आत वाकून विचारत होते, ताप उतरला का. मी नेरीवर घोंगडी ओढली.

"उतरला. झोपलाय. जा तुम्ही."

त्यांनी घोंगडीवरूनच त्याला हलकेच थोपटलं आणि गेले.

थोड्या वेळाने शेजारीण पुआ आली. तिने नेरीला उचललं, तर तो ताठरला होता. तिने गल्ली गोळा केली. तिची बोंब माझ्याआधी मंदिरात पोचली.

मी कठड्याशी थांबले; अशुद्ध माणसाला त्यापुढे जाता येत नाही. बाबांना आवाराबाहेर आणलं होतं. त्यांच्या हातात धूपाचं रिकामं पात्र होतं; त्या दिवशी मोजणी त्यांच्या बोटावर थांबली होती. अशुद्ध अंगाने सेवा करणाऱ्याला न्यायसभेपुढे नेत नाहीत. तरुण याजकांनी वेदीची लाकडं उचलली होती. सगळ्यांत पुढे मशुल्लाम, हारीमकाकांचा मुलगा.

"काका, घरात मढं होतं, माहीत होतं तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं. नकळत घडलं म्हणाले असते तर पापबळी देऊन सुटले असते. पण मग पुढचा प्रश्न मला होता.

"होतं," ते म्हणाले.

पहिला ओंडका मशुल्लामने घातला. बाबा गुडघ्यांवर आले, पात्र धरूनच. दुसऱ्या घावाने जबडा सरकला. तिसऱ्याने कपाळ आत गेलं. मग ते आडवे झाले तरी लाकडं खालीवर होत राहिली, आणि त्यांना पांढरे केस चिकटत राहिले. मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. तोंड उघडलं नाही.

काका भावाच्या प्रेताला शिवले नाहीत. म्हणून तिसऱ्या दिवशी, आणि आज सातव्या, त्यांनीच त्यांच्या अंगणात आमच्यावर शुद्धीचं राखेचं पाणी शिंपडलं: आधी माझ्यावर, मग त्याच पाल्याच्या जुडीने मशुल्लामवर. मारणाराही प्रेताने बाटतोच. पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. आत त्याची बायको भाकरी भाजत होती.

"अंघोळ कर," काका मला म्हणाले. "सूर्य मावळला की शुद्ध झालीस. आता मूल राहिलं नाही, आमच्या वाट्यातलं तुला चालेल. फक्त तुझ्या बापाचं नाव या घरात घेऊ नकोस. जाणूनबुजून मंदिर बाटवलं त्याने."

मी जागची हलले नाही.

"काका, बाबांना माहीत नव्हतं," मी म्हणाले. "नेरी मेला होता. झोपलाय असं मी त्यांना सांगितलं."