वाचनालयाचा शिक्का

“सोड दावं, संदीप! गाय माझी हाय.” केशरबाई ज्वारीच्या बांधावर आडवी उभी राहिली होती.

“आये, इंटरनेटवर आलंय. गुडघ्याएवढी ज्वारी जनावराला लई पौष्टिक. सावेडीच्या सायबर कॅफेतनं छापून आनलंय मी.”

“महिना झाला, थेंब न्हाई. करपल्या ज्वारीत सोडलं की किराळ लागती. इख असतंय त्यात. घटकाभरात पाय झाडील.”

“तू शानी, आन् जग येडं! कागदावर वाचनालयाचा शिक्का हाय. इचार तात्याला.”

तात्या म्हणजे मी. केशरबाईनंच मला बोलावून आणलं होतं. एकुलती एक दुभती गाय. तिच्यासाठी ती देवालाही उठवून आणेल.

गावच्या वाचनालयात मी तीस वर्षं बसतो. काल संदीपनं तो कागद आणला. इंग्रजी मजकूर, खाली त्यानं मराठीत लिहिलेलं सार. माझ्या इंग्रजीची मलाच खात्री नाही, आणि पोरगा नागापूरच्या कारखान्यात संगणकावर बसतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायची हाताला सवय. मारला. पुस्तक आलं की कोणी लिहिलं, कुठं छापलं, हे मी आधी पाहतो. याचं पाहिलं नव्हतं.

“वाच, तात्या,” केशरबाई म्हणाली. “कुनी लिव्हलंय? त्याच्या दारात गाय बांधलीय का?”

मी चष्मा पुसून वाचत गेलो. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. तारीख नव्हती. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत परदेशातल्या एका बियाणं कंपनीचं नाव, आणि ही माहिती त्यांच्याच वाणापुरती असल्याची ओळ.

“बियाणं विकणाऱ्यांचा कागद आहे,” मी पुटपुटलो. “आपल्या ज्वारीचं यात काही नाही... मला वाटतं.”

“वाटतं? शिक्का मारताना वाचलं न्हवतं व्हय?” संदीप म्हणाला.

“नाही.”

केशरबाईनं गाय माघारी वळवली. मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात संदीप खाली बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

“तात्या, सकाळी दूध डेअरीवर धा झेरॉक्स वाटल्यात मी.”

वारा पडला होता. ज्वारीचं एक पान हलत नव्हतं. ओढ्यापलीकडं मच्छिंद्रच्या ज्वारीत चार गायी माना खाली घालून चरत होत्या.

“मच्छिंद्र! गाया काढ!” मी ओरडलो. जन्मभर वाचनालयात हळू बोललेला गळा. आवाज ओढ्यापर्यंतही गेला नाही. मग केशरबाईनं हाळी दिली.

मच्छिंद्रनं वळून पाहिलं. त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. हातातला पांढरा कागद उंच करून तो हसला.

“तात्या, लई उपकार झालं! इंग्रजी काय कळंना, पर तुमचा शिक्का बगूनच सोडल्या!”

त्याच्या पाठीमागं तांबडी गाय पुढच्या गुडघ्यांवर बसत होती.