ज्या दारापुढे खोकं नाही

“ज्या दारापुढे खोकं दिसणार नाही, तिथं थांबायचं. चाक अडकवून बस हवं तर, पण थांबायचं. कळलं का, गाडीबाई?”

एक म्हातारा हमाल नोकरीच्या शेवटच्या दिवशी माझ्या चाकात तेल सोडता सोडता मला हे सांगत होता, आणि मी मनातल्या मनात हसत होते. म्हटलं, वय झालं की माणसं गाड्यांशीही बोलायला लागतात. त्याचं बोलणं मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. गाडीला कान नसतात, असं तुम्ही म्हणाल. असते तर किती बरं झालं असतं.

मित्रांनो, मी मुलींच्या वसतिगृहातली सामानाची एक जुनी हातगाडी आहे. रंग हिरवा, म्हणजे जिथे गंज चढलेला नाही तिथे हिरवा. एका वेल्डरने लोखंडी नळ्या कापून, जोडून मला उभं केलं. तीन चाकं नवी लावली. चौथं कुठल्याशा मोडक्या गाडीचं पडून होतं, ते बसवलं. “हे कुरकुरणार बघ,” त्याची बायको म्हणाली. “कुरकुरू दे,” तो म्हणाला, “घरात एक तरी कुरकुरणारं लागतंच. मला सवय आहे.” तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि माझ्यावर हिरव्या रंगाचा पहिला हात फिरवला. माझा जन्म असा हसतखेळत झाला.

वसतिगृहात वर्षातले बहुतेक दिवस मी जिन्याखाली उभी असायची. माझे दिवस मोजके. ओरिएंटेशनच्या आदल्या दिवशी नव्या मुली आईवडिलांबरोबर यायच्या तो एक, आणि त्यानंतरचे दोन-तीन. त्या दिवशी अंगणात टेबलं मांडलेली असत. वरच्या वर्गातल्या मुली छातीवर नावांच्या चिठ्ठ्या लावून हसत उभ्या असत. फाटकापासून लिफ्टने वर खोलीपर्यंत मी सामान न्यायची. गाद्या, बादल्या, टेबलफॅन, उशा, आरसे. एकदा एक फिशटँक नेला, माशांसकट.

एवढ्या वर्षांत मी एक पाहिलं. वडील मला ढकलतात आणि सगळ्यांना रस्ता विचारतात. मुलगी चार पावलं पुढे चालते, जणू ही मंडळी तिच्या ओळखीचीच नाहीत. आणि आई सामानावर हात ठेवून चालते. सामान पडणार नाही हे तिलाही माहीत असतं. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा तो हात असतो. खोलीच्या दारापर्यंत काही तो निघत नाही.

त्या म्हाताऱ्या हमालाला सगळे सावकाशकाका म्हणत. “सावकाश, पोरींनो, सावकाश,” याखेरीज दुसरं वाक्य त्याला येत नाही, अशी मुलींची थट्टा होती. मुली आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सावकाशकाका मला घेऊन तिन्ही मजल्यांच्या व्हरांड्यांतून फिरायचा. मुलींनी सामान लावून रिकामी खोकी दाराबाहेर ठेवलेली असत. तो ती चपटी करून माझ्यावर रचायचा. आणि ज्या दारापुढे खोकं नसे, ते दार वाजवायचा.

“खोकं आहे का गं द्यायचं?”

“अजून सोडलं नाही, काका.”

“मग सोड की. मी बसलोय इथं.”

आणि तो खरोखरच माझ्यावर बसायचा. कधी आतून बराच वेळ काही आवाज यायचा नाही. कधी हुंदका यायचा. मग तो दाराकडे पाठ करून म्हणायचा, “रड बाई सावकाश. मला कुठं जायचंय.” शेवटी चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला, की त्याचा चेहरा सैल व्हायचा. “खोकं उघडलं की घर सुटलं असं वाटतं पोरींना,” तो मला सांगायचा. “म्हणून उघडत नाहीत. आपण बाहेर असलो की जरा जोर येतो.”

मला ते रिकामटेकडेपण वाटायचं. तिन्ही मजले फिरून माझं कुरकुरणारं चाक दुखायचं.

तो निवृत्त झाला त्या वर्षी मला नवा रंग मिळाला होता. स्वागताच्या पुस्तिकेत माझा फोटो छापला होता, दांड्याला फुगे बांधून. सगळे म्हणाले, गाडी काय झकास दिसते. मला गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू? वसतिगृहाची व्यवस्था बघायला एक नवीन बाई आल्या होत्या. कामाला वाघ. सगळं वेळेवर, सगळं नीटनेटकं. सावकाशकाका जाताना त्यांच्यापाशी गेला.

“बाई, एक सांगून ठेवतो. तिसऱ्या दिवशी दारोदार गाडी फिरवायची.”

“दोनशे दारं आहेत, काका. मुली खोकी जिन्यापाशी आणून टाकतील. मी स्पीकरवरून सांगते.”

“आणणारी आणतेच हो. न आणणारीचं काय?”

“ती कपडे ठेवायला ठेवून घेत असेल. आणि आता मुली मोठ्या आहेत. दारं ठोठावत फिरलो तर उलट तक्रार करतील.”

काका जिन्याखाली आला, खिशातून तेलाची छोटी बाटली काढली, आणि मला सांगितलं ते तुम्ही वर वाचलंच.

त्याच वर्षी ती मुलगी आली.

मुलगी बारकी, चष्म्याची, सामान बेताचं. एक गादी, एक बॅग आणि एक मोठं खोकं. खोक्याच्या झाकणावर आईने जाड पेनाने लिहिलं होतं : ‘हे आधी उघड.’ आईचा हात अर्थातच त्या खोक्यावर.

“अगं, ढकलतोय मी आणि हात तुझा,” वडील म्हणाले. “लोकांना वाटेल तूच आणलंस सगळं.”

“वाटू दे. वरच्याला धक्का लागायला नको.”

“आई, काढ ना हात. सगळे बघतायत.”

“बघू देत. हात आहे, हत्ती नाही.”

मुलगी हसली. तिचं हसू मी एवढंच पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या वळणानंतरच्या शेवटच्या खोलीत मी तिचं सामान उतरवलं. दुसरी खाट रिकामी होती. खोलीतली जोडीदारीण पुढच्या आठवड्यात येणार होती.

मग पालकांना सभागृहात बोलावलं. मी दारापाशी उभी होते. माइकवरून एक सर बोलत होते. बोलणं चांगलं होतं, लोक मनापासून हसत होते. शेवटी सर म्हणाले, “पालकहो, आता बोट सोडा. पहिला आठवडा सारखे फोन करू नका. मुलं रुळू देत.” टाळ्या झाल्या. त्या आईनेही वाजवल्या. मग तिने शेजारच्या बाईला हळूच विचारलं, “आठवडा म्हणजे सात दिवस धरायचा, की रविवार सोडून?” शेजारची बाई हसली. तिला ती थट्टा वाटली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी स्पीकरवरून सांगितलं आणि मुलींनी भराभरा खोकी जिन्यापाशी आणून टाकली. दुपारपर्यंत डोंगर झाला. मला फक्त जिन्यापासून फाटकापर्यंत दोन खेपा. मला बरं वाटलं, मित्रांनो. तिन्ही मजले वाचले.

सगळी खोकी माझ्यावरूनच गेली. सगळी मी वर नेलेली, ओळखीची. त्यात ‘हे आधी उघड’ नव्हतं. मला ते कळलं. अगदी लख्ख कळलं. मी म्हटलं, असेल ठेवून घेतलं कपड्यांना. बाईंचंच वाक्य मी उचललं आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिले.

आठव्या दिवशी खोलीतली जोडीदारीण आली. तिचं सामान घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेले. तिच्या वडिलांनी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. कडी आतून होती. शेजारच्या खोलीतली मुलगी बाहेर आली. “ती घरी गेली असेल. दिसली नाही बरेच दिवस.” दुसरी म्हणाली, “मला वाटलं तिने ओरिएंटेशनचा गट बदलला. पहिल्या दिवशी आमच्यात होती.” तेवढ्यात कुणीतरी बाईंना बोलावलं, बाईंनी सुताराला बोलावलं, सुताराने कडी तोडली.

ती गादीवर पडली होती. गादीचं प्लॅस्टिक अर्धंच काढलेलं, त्यावर चादरही नव्हती. अंग निखाऱ्यासारखं. हाकेला ओ देत नव्हती. खाटेशेजारी ते खोकं होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी. त्याचं तिने टेबल केलं होतं. झाकणावर पाण्याचा रिकामा ग्लास होता, आणि आईच्या अक्षरांवर ग्लासाच्या बुडाची वर्तुळं, एकात एक, सुकून गेलेली.

रुग्णवाहिकेचा स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. मी मावत होते. मग गादीसकट तिला माझ्यावर ठेवलं. जी गादी मी वर नेली होती, तीच. बाई एका हाताने मला ढकलत होत्या आणि दुसरा हात त्यांनी तिच्या कपाळावर ठेवला होता. “सावकाश,” त्या सुताराला म्हणत होत्या, “सावकाश.” तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

दोन दिवसांनी दवाखान्यात ती गेली. ताप साधाच होता, असं म्हणत होते. फक्त फार दिवस एकटा होता.

आईवडील सामान न्यायला आले. आई खाटेवर बसली, खोकं समोर ओढलं आणि नखाने चिकटपट्टी सोडवू लागली. झाकण उघडल्या उघडल्या वरच थर्मामीटर होता, गोळ्यांची पाकिटं होती आणि एक चिठ्ठी. वडिलांनी ती वाचायला घेतली आणि अर्ध्यातच आईच्या हातात दिली. चिठ्ठीत एवढंच होतं : ‘अंग गरम वाटलं तर आधी ही गोळी. मग मला फोन. कितीही वाजले असले तरी. लाजू नकोस.’

“उघडलं म्हणाली होती,” आई म्हणाली. “तिसऱ्या दिवशी मी विचारलं ना फोनवर. म्हणाली, हो आई, उघडलं, सगळं छान आहे.” मग चिठ्ठीची घडी घालत म्हणाली, “सहाव्या दिवशी फोन लागला नाही. मला वाटलं, अजून आठवडा संपायचाय.”

बाई दारात उभ्या होत्या. त्यांना आत येववत नव्हतं.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. रागावली नाही. विचारलं, “हे वर कशावरून आणलं होतं आपण?”

“गाडीवरून.”

“मग गाडीवरूनच नेऊ.”

आणि खाली फाटकापर्यंत ती माझ्याबरोबर चालली, खोक्यावर हात ठेवून. या वेळी तिला हात काढ म्हणणारं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी तिसऱ्या दिवशी सकाळी बाई जिन्याखाली आल्या. हातात तेलाची बाटली होती. स्पीकर लावला नाही. तिन्ही मजले त्या मला घेऊन फिरल्या. खोकं नसलेलं दार दिसलं की वाजवायच्या. “खोकं आहे का गं द्यायचं?” दार उघडेपर्यंत हलायच्या नाहीत. मुली मागे खुसखुसायच्या. बाईंना आता ‘खोकंबाई’ असं नाव पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. चालू दे म्हणायच्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वळणावर मात्र माझं चाक अडकायचं. तेल घालून झालं, बेअरिंग बदललं, मग चाकच बदललं. तरी अडकायचं. दुपारी व्हरांडा रिकामा असतो, माझ्यावर काही नसतं, आणि त्या वळणावर मला एका खोक्याचं ओझं जाणवतं. अगदी तेवढंच. कोपऱ्यावर एक हात असल्यासारखं. बाईंनाही ते कळत असावं. त्या तिथे थांबायच्या, दांडा घट्ट धरायच्या, आणि आतल्या मुलीने खोकं बाहेर ठेवलेलं असलं तरी ते दार वाजवायच्या.

मित्रांनो, आता बाईंची बदली झाली आहे. नव्या प्लॅस्टिकच्या गाड्या आल्या आहेत. त्या हलक्या आहेत, कुरकुरत नाहीत. मी पुन्हा जिन्याखाली आहे, माझ्यावर मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. भंगारवाला दोनदा बघून गेला. त्याचं मला वाईट वाटत नाही. लोखंड आहे, दुसरं काहीतरी होईन. पण उद्या ओरिएंटेशन आहे. आज दिवसभर अंगणात टेबलं लागली होती. मी इथून आयांचे हात पाहिले, खोक्यांवर ठेवलेले. आणि परवा स्पीकरवरून सूचना होणार आहे, की खोकी जिन्यापाशी आणून टाका.

मला तिसरा मजला चढता येणार नाही. तुम्हाला येईल.

तुम्ही नव्याने आला असाल तर शेजारच्या दाराकडे बघा. तुम्ही आई असाल, बाबा असाल, तर सात दिवस मोजत बसू नका. ‘छान आहे’ म्हणाली तरी पुन्हा विचारा, आज काय काय बाहेर काढलंस खोक्यातून, एक एक सांग. आणि हे वाचताना ज्या कुणाची तुम्हाला आठवण आली, बरेच दिवस जी दिसली नाही, जी घरी गेली असेल असं तुम्ही धरून चाललात, तिच्या दारापाशी आत्ता जा. कारण लागत असेल तर माझं सांगा. म्हणा, खोकं न्यायला आलेय.

आणि दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.