माउसच्या पोटाखालचं बटण

पुसायच्या निमित्तानं तिनं दादाचा माउस उलटा केला, पोटाखालचं बारीक बटण एकदा दाबलं आणि माउस परत त्याच्या हाताखाली सरकवला.

"झाली का साफसफाई? इकडं मला मारून टाकतील."

"मारू देत. रोजच मरतोस."

दादा कन्सोलला माउस लावून बंदुकीचे गेम खेळायचा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउसचा वेग, चारवर. अख्खं टेबल पुसल्यासारखा हात फिरवायचा, तेव्हा कुठं बंदूक मागं वळायची. मग कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनमध्ये मनगट सापडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात वीतभरही सरकेना. तिनं आकडा चौदावर नेला. जरा धक्का लागला की बंदूक गर्रकन भिंतीकडं. दादानं माउस आपटला नाही, नुसता बाजूला ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

त्यानंच ठरवलं, दर आठवड्याला आकडा खाली आणायचा. चारवर नेम बसला की हात बरा. दहापर्यंत आला आणि अडकला. दोन दिवस धड जेवला नाही, बोलला नाही. तेव्हा तिला ते बटण सापडलं. दाबलं की माउस आतून तेज व्हायचा, खालचा ठिपका रंग बदलायचा आणि स्क्रीनवरचा आकडा आहे तिथंच राहायचा. दादानं आकडा उतरवला की ती माउस पुसायला घ्यायची.

आज चार. पहिला पडला. दुसरा. तिसरा तर पळता पळता.

"बघितलंस, फटाकडे? आई, चारवर आलो!"

आई ओले हात घेऊन दारात आली.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे हात बरा!"

आई हसली. किती दिवसांनी.

दादानं डाव्या हातानं फोन उचलला.

"सुपरवायझरला कळवतो. सोमवारपासून येतो म्हणून."

"त्याच मशीनवर?"

"मग काय, खुर्ची देणारेत मला?"

त्यानं तिला ते काम एकदा हवेत करून दाखवलं होतं. पत्रा आत, हात मागं, पातं खाली. हात मागं घ्यायला एवढासा वेळ.

"दादा, फोन नको लावूस. आधी एक राउंड खेळ."

"लागला पण. का गं?"

तिनं माउस उलटा केला. या वेळी त्याच्या डोळ्यांदेखत. सगळ्यात वरच्या वेगानंतर आणखी एकदा दाबलं की माउस परत पहिल्यासारखा सुस्त. हिरवा ठिपका लाल झाला.

"आता खेळ."

दादानं फोन टेबलावर ठेवला, माउस धरला. दात आवळून हात ढकलला. बंदूक जेमतेम बोटभर वळली.

"हॅलो? अरे, बोल की," टेबलावरून सुपरवायझरचा आवाज आला.

दादानं माउस उलटा करून तो लाल ठिपका नीट बघितला.

"कधीपासून?"

आई अजून दारातच होती.

"दहापासून," आईकडं न बघता ती म्हणाली.