टेबलावर सोडलेला माणूस

माझा धाकटा भाऊ कोटेश गुंटूर–श्रीशैलम बसवर ड्रायव्हर होता. नल्लमलाच्या घाटात लोक डोळे मिटून मल्लण्णाचं नाव घ्यायला लागले की हा म्हणायचा, "देवाला झोपू द्या की जरा, मी जागा आहे ना!" आता त्याला चप्पल घालताना उजवा पाय कुठला ते सांगावं लागतं.

पित्ताशयात खडे झाले होते, एवढंच. ऑपरेशन करणारे डॉ. चक्रधर म्हणाले, "पोटाला बारीक भोकं पाडायची, परवा घरी." आत जाताना कोटेश मला म्हणाला, "अक्का, बाहेर रडत बसू नकोस. लोकांना वाटेल मी गेलो."

मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाकावर बसले होते. काही वेळानं भूल देणारे डॉ. सत्यप्रसाद मोबाइल कानाला लावून बाहेर आले. मला वाटलं, झालं सगळं. मी उठून त्यांना हात जोडले. त्यांनी मान हलवली, धडाधड जिना उतरले, आणि खाली त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग आत पळापळ सुरू झाली. एक नर्स बाहेर येऊन फोनवर ओरडत होती, "सर, कुठे आहात? लवकर या!" ते परतले तेव्हा धापा टाकत होते आणि बाहेरच्या बुटांनिशी तसेच आत घुसले.

श्वासाची नळी निसटली होती. नळीकडे बघायला कोणी नव्हतं. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी चक्रधर म्हणाले, "हृदय कमजोर होतं त्याचं. तुम्ही आधी सांगायला हवं होतं." दर वर्षी डेपोची तपासणी पास होणाऱ्या माणसाचं हृदय! वर दोष आमचाच.

कोटेश जिवंत घरी आला. भरवलेला घास गालात तसाच धरून बसतो. पोटच्या मुलीला परकी बाई समजून विचारतो, "अम्मा, कोणाकडे आलात?" ती पोर स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडते.

मी आणि भावजय रत्नम, आम्ही कामं वाटून घेतली. ती त्याला सांभाळणार, मी वकील शोधणार. पहिल्या वकिलाची आई चक्रधरांकडेच औषध घेत होती. दुसरा म्हणाला, "डॉक्टर पैशांचं पाकीट देतायत ना? घ्या आणि गप्प बसा. सही केलीत की विषय संपला."

"विषय घरी खाटेवर बसलाय," मी म्हणाले. "या बघायला."

तिसऱ्या हैमवती. त्यांच्यासमोर मला रडू फुटलं तर म्हणाल्या, "रडून घ्या, मग बोलू. मला तुमचे अश्रू ग्राहक आयोगापुढे मांडता येत नाहीत." त्यांनी कागद मागवले, निवृत्त भूलतज्ज्ञाचं मत मिळवलं. गुंटूरमधला एकही डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहायला तयार नव्हता, म्हणून हैदराबादला जावं लागलं. पण सत्यप्रसाद शपथेवर सांगत होते की ते जागचे हललेच नाहीत. नर्स नोकरी सोडून गेली होती. कॅमेरे म्हणे नेमके त्या दिवशी बंद.

"तुम्ही पाहिलंत, ठीक," हैमवती म्हणाल्या. "पण तुम्ही बहीण. ते गेले कुठे, तेवढं कळलं तर धरता येईल."

त्या वेळी दुसरीकडे ते कोणाला तरी भूल देत असणार. मी विचार केला, एवढ्या घाईनं बोलावतात ते अडलेल्या बाळंतिणीसाठीच, आणि बाळंतिणी पोराला टोचायला परत येतातच. लसीच्या दिवशी मी एकेका प्रसूतिगृहाबाहेर उभी राहू लागले. बायका मला वेडी समजत. "तुझं लेकरू कधीचं गं?" असं अनोळखी बाई विचारते म्हटल्यावर काही जणी पोर पदराखाली घेत. मी तरीही विचारायचे.

मस्तानबी मला तशीच भेटली. तिचा मुलगा कोटेशच्या ऑपरेशनच्याच शुक्रवारी दुपारी पोट फाडून काढलेला.

"भूल कोणी दिली?" मी विचारलं.

"नाव नाही ठाऊक. टक्कल, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. सारखा घाई करत होता." मग तीच कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना म्हणाला, तिकडे एकाला टेबलावर ठेवून आलोय, आटपा."

मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती कळवळली.

साक्षीला येशील का विचारायला तिच्या घरी गेले, तर तिच्या नवऱ्यानं मला दारातूनच हाकललं. "त्या माणसानं माझं लेकरू सुखरूप ठेवलं. त्याच्याविरुद्ध बोलू?"

"तुमच्या लेकराजवळ तो होता, म्हणून ते सुखरूप आहे," मी म्हणाले. "माझ्या भावाजवळ नव्हता."

त्यानं दार लावलं. पण सुनावणीला मस्तानबी आली. पोर कडेवर, नवरा मागे चार पावलं, चेहरा पाडून.

समोरचा वकील हसत म्हणाला, "बाई, गुंगीत होतात तुम्ही. स्वप्न पडलं असेल."

"कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं," मस्तानबी म्हणाली. "कान नव्हते बधिर केले."

हैमवतींनी त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "हो. सत्यप्रसाद माझ्याकडेच होते."

आयोगानं दोन्ही डॉक्टरांना दोषी धरलं, कोटेशच्या जन्मभराच्या उपचारांचा खर्च द्यायला सांगितलं. बाहेर व्हरांड्यात सत्यप्रसाद माझ्यापाशी आले. "अम्मा, तुम्ही माझं नाव मातीत मिळवलंत. सगळेच असं करतात. या शहरात भूल देणारे आहेतच किती?"

"मग कमी ऑपरेशनं करा!" मी ओरडले. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "माझा भाऊ आत बेशुद्ध पडला होता आणि मी तुम्हाला हात जोडत होते! कशाला मान हलवलीत? थांबून एवढं तरी सांगायचं होतंत की मी चाललोय. मी तुमचे पाय धरून बसले असते, जाऊ दिलं नसतं!"

वकिलानं त्यांना दंडाला धरून नेलं.

घरी येऊन मी कोटेशला सांगितलं, "जिंकलो रे." त्यानं विचारलं, "कोण आजारी आहे, अक्का?" रत्नम भांडी तशीच टाकून परसात निघून गेली.

डॉक्टरांनी वर अपील केलंय. चक्रधरांचा दवाखाना रोज उघडतो, दारात चपलांचा ढीग असतो. तिथून जाताना मी बाकावर बसलेल्या नातेवाइकांना गाठते आणि विचारते, "भूल देणारा शेवटपर्यंत थांबणार आहे का, विचारलंत?" रखवालदारानं मला हाकललं आहे. हैमवतींनीही खूप झापलं, म्हणाल्या, अपील चालू असताना हे बंद करा.

मी बंद केलेलं नाही.