स्वयंपाकघरातला वर्ग

दुसऱ्या शाळांनी काढून टाकलेल्या मुलांसाठी ती शाळा होती. लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या, सात विद्यार्थी, मोठ्या बाई आणि गणिताचे सर.

त्या सातांतल्या ताईला मात्र कुणी काढलं नव्हतं. आई इस्पितळात आया, तिची दिवसपाळी. घरात आठ महिन्यांची बहीण, गुंडी. तिला सांभाळायला दुसरं कुणी नाही म्हणून ताईनं सहा महिन्यांपूर्वी शाळा सोडली होती. इथे प्रवेश घेताना तिनं एवढंच विचारलं, "हिला आणलं तर चालेल?"

"रडली तर बाहेर न्यायची," मोठ्या बाई म्हणाल्या.

गुंडी नकाशांच्या पेटीत झोपायची. एकदा तिनं भोकाड पसरलं, तेव्हा मागच्या बाकावरून पैलवान ओरडला, "हिला गप्प करा, मला वाचता येत नाहीये!"

मारामारीपायी दोन शाळांतून निघालेल्या पैलवानाला वाचताना अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"तू वाचत होतास?" सरांनी विचारलं.

"मग काय!"

सरांनी ते हजेरीच्या वहीत टिपून ठेवलं.

पुढच्या महिन्यात शिक्षण खात्याच्या ऑफिसातून साहेब आले. मुलांच्या शिकण्यावर कशाकशाचा परिणाम होतो, याचा चार पानी फॉर्म त्यांच्याकडे होता. त्यांना पेटी दिसली.

"हिची नोंद कुठंय?"

"नाहीये," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग ही इथे असू शकत नाही."

"पण आहे ना," पैलवान म्हणाला.

आठवड्याभरात लेखी आदेश आला. नोंद नसलेल्या कुणालाही वर्गात बसवू नये. ताईनं पुस्तकं पिशवीत भरली, गुंडीला कडेवर घेतलं आणि जिना उतरली.

चार दिवस वाट बघून सर मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेले. ती पेज ढवळत होती.

"सर, आता जमायचं नाही माझं."

"ढवळत राहा, तळाला लागेल," सर म्हणाले आणि ओट्यापाशी स्टूल ओढून त्यांनी वर्गसमीकरण सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पैलवान आला. त्याचं तिसरं गणित अडलं होतं आणि ते फक्त ताईलाच नीट समजावता यायचं. शुक्रवारपर्यंत सातही जण तिथे होते.

त्या दिवशी आई लवकर सुटली. दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून ती धावतच दाराशी आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. गणित चाललंय," सर म्हणाले.

आईनं पिशवी खाली ठेवली. मग तिनं सगळ्यांना पाणी दिलं.

रिकामा वर्ग पाहून मोठ्या बाईही शोधत आल्या. गुंडी पैलवानाच्या मांडीवर त्याची वही चघळत होती आणि तो दुसऱ्या हातानं गणित सोडवत होता. परत जाऊन बाईंनी ऑफिसला पत्र लिहिलं: गणिताचा तास विद्यार्थिनीच्या घरी घेण्यास परवानगी मिळावी. साहेबांनी नियम तपासले. मूल शाळेत आणायला बंदी होती. शाळा मुलाकडे न्यायला नव्हती. परवानगी मिळाली.

दहावीच्या परीक्षेत ताईला गणितात एकाहत्तर मिळाले. पैलवान तीन मार्कांनी नापास झाला. तो आठवडाभर फिरकला नाही, तेव्हा ताईच गुंडीला घेऊन त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी आता कॉलेजला जाणार," ती म्हणाली. "त्याआधी तुझं गणित संपवायचंय. चल."

"आज?"

"नाही, पुढच्या जन्मी. वही घे."

त्यानं वही घेतली.